सहा पिल्लं आणि एक अळी

घरात लहान जीव आला की त्याला काहीतरी भरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या जिवाला भूक आहे का, हा प्रश्न गौण. कोंबडीची सहा पिल्लं खोक्यातून घरी आली तेव्हाही माझा हात असाच पुढे झाला आणि मुलीनं तो वरच्या वर धरला.

"बाबा, निदान एक आठवडा तरी थांब. सध्या पाणी आणि स्टार्टर, बास."

स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, दिसायला निव्वळ भुसा. पण त्यात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात. माझ्या ताटाचा इतका विचार अजून कोणी केलेला नाही. शिवाय अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं. जन्माला येतानाच डबा घेऊन येणाऱ्याला मी काय भरवणार?

आठवडा संपला. मी वाटी घेऊन हजर. तर म्हणे, आधी ग्रिट. पिल्लांना दात नसतात, पोटात गेलेले बारीक खडेच दाणे दळतात. स्टार्टर पाण्यानं मऊ पडतो, त्याला खडे लागत नाहीत. वरचं काहीही द्यायचं तर लागतात. भातात एक खडा लागला तर घर डोक्यावर घेणारा मी, आता गुडघे टेकून वाटीत खडे वाढत होतो.

मग पदार्थ ठरवायची बैठक झाली. चॉकलेट? विषारी. अवोकॅडो? तेही. खारवलेले दाणे? मीठ नको. भिजवलेला राजमा? कच्चा असेल तर मुळीच नको. मला आवडणारी एकेक वस्तू विषांच्या यादीत जात होती आणि माझ्या प्रकृतीबद्दल मलाच शंका येऊ लागली.

"उकडलेलं अंडं चालेल, कुस्करून," मुलगी म्हणाली.

"अंडं? यांना? अगं, नात्यानं ते..."

"बाबा, बलक खाऊनच आलेत ते."

यावर काय बोलणार! आता प्रमाण. खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. एवढंसं पिल्लू दिवसाला खातं साधारण १० ग्रॅम, म्हणजे माझ्या सगळ्या मायेचं वजन १ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यानं त्या चिमटीची दखलसुद्धा घेतली नाही.

अखेर अंडं खोक्यात उतरलं. माझा हात वरून आला आणि आभाळातून घार झेपावल्यासारखी सहाच्या सहा कोपऱ्यात. "बाजूनं घाल ना हात!" बाजूनं घातला. मग अर्धा तास त्या अंड्याचं नुसतं लांबून निरीक्षण चाललं. लग्नात न ओळखीची भाजी वाढली की पंगत जसं बघते, तसं. पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली अंडं लवकर खराब होतं, म्हणून शेवटी उचलूनही मलाच घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी अळी. एकानं ती उचलली आणि धूम ठोकली. बाकी पाच मागे. चोचीतून चोचीत अळी फिरली, खोक्याला दहा फेऱ्या झाल्या. खायला कोणालाच वेळ नव्हता. मग धावता धावता एक पिल्लू तोंडावर पडलं आणि हललंच नाही. मी किंचाळलो. ते झोपलं होतं. पिल्लं अशीच झोपतात, दिव्याचं बटण बंद केल्यासारखी. अळी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी एकाच्या मागच्या बाजूला शी वाळून चिकटली. तशीच ठेवली तर वाट बंद होऊन पिल्लू जातं. खाऊ जास्त झाला की दिव्याची ऊब कमी-जास्त झाली, यावर घरात दोन तट पडले. मी अर्थातच दिव्याच्या बाजूनं होतो. पण कोमट पाणी आणि कापूस घेऊन बसायची वेळ माझ्यावरच आली. पिल्लू असं कोकलत होतं की मी त्याची इस्टेट लुबाडतोय. पुसून, कोरडं करून सोडलं, साबणानं हात धुतले आणि सवयीनं पुन्हा खोक्यात हात घातला. बाजूनंच.

या वेळी कोणी पळालं नाही. माझ्या मनगटावर एक काळा तीळ आहे. एकानं मान तिरकी करून तो न्याहाळला आणि टोच मारली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. ज्या उत्साहाची मी तीन दिवस वाट बघत होतो, तो असा माझ्या कातडीवर उतरला.

"अगं, खातायत मला!"

मुलीनं वहीतून मानही वर केली नाही. "दहा टक्क्यांत बसतो तो. असू दे."