क्रूझच्या व्हिसाचे दीड लाख पोराने भरायचे नसतात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातली बात अशी: हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची डिग्री म्हणजे पैशाची नासाडी. सहा महिन्यांचा डिप्लोमा करा आणि थेट क्रूझवर, म्हणजे पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर, लागा, पगार महिन्याला लाखभर. इंग्रजी लागत नाही. मुलींसाठी ही लाईन नाही. व्हिसा आणि प्रोसेसिंगचे दीड लाख आधी भरले की जागा पक्की.

परवा माझ्या अक्काचा फोन आला. पोरासाठी पाटल्या सोसायटीत तारण ठेवू का, म्हणून विचारत होती. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी त्या दीड लाखाचं बोलू, कारण घरं बुडतात ती तिथे. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला आणि २०१६ मध्ये भरतीचे नियमही आले. करारात सरळ लिहिलंय की नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, थेट नाही आणि आडूनही नाही. त्याने स्वतः सोसायचा खर्च तीनच गोष्टींचा: मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी (जहाजावरच्या कामगाराचं सरकारी नोंदपुस्तक) आणि पासपोर्टसारखी प्रवासाची कागदपत्रं. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा, हेही त्यात वेगळं नमूद केलंय. म्हणजे मेसेज ज्या नावाखाली पैसे मागतो, नेमकं तेच घेणं बेकायदा आहे!

यावर एजंटांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘ते खलाशांसाठी आहे, हॉटेल स्टाफला लागू नाही.’ साफ खोटं. जहाजावर कुठल्याही कामाला असलेला माणूस या करारात येतो, मग तो वेटर असो, कूक असो की केबिन साफ करणारा. भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स लागतं, आणि अशा लायसन्सवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे. अक्काला दिलेल्या पावतीच्या नमुन्यावर वर देवाचं नाव, खाली ‘प्रोसेसिंग फी, परत मिळणार नाही’ आणि एक मोबाईल नंबर. लायसन्स नंबराचा पत्ता नाही. एवढ्या कागदावर पाटल्या द्यायच्या?

आखाती देशांतल्या हॉटेलांचं वेगळं. तिथे नोंदणीकृत एजंटाला फी घेता येते, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. दीड लाख तिथेही बसत नाहीत.

आता डिग्री. डिग्रीशिवाय किचनमध्ये शिरता येतं, हे मला मान्य करावंच लागेल. जांबोटी-खानापूरकडची कितीतरी पोरं चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली आणि भांड्यांपासून सुरुवात करून आज तंदूर सांभाळतात. त्यांच्या हाताला तोड नाही. पण पुढे शेफ किंवा मॅनेजर व्हायचं तर नुसता हात पुरत नाही. पाच किलो कोंबडी आली, साफ करताना किती गेली, शिजून किती घटली, मग एका प्लेटचा खर्च किती पडला आणि मेन्यूवर भाव काय लावायचा, हा हिशेब यावा लागतो. डिग्रीत तो शिकवतात. शिवाय किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग या चारही खात्यांची ओळख होते आणि काही महिने खऱ्या हॉटेलात काम करावं लागतं. गोव्यात पर्वरीला आयएचएम हे सरकारी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज आहे, ते आपल्याला किती लांब आहे? प्रवेश एनसीएचएम जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून, बारावीला इंग्रजी विषय असला की देता येते. आणि क्रूझवाले साधारणपणे आधी चांगल्या हॉटेलातला अनुभव मागतात. सहा महिन्यांत ‘थेट’ काही नसतं. लाखभराचा आकडा ऐकताना हेही विचारा की दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मधे घरी बसल्यावर पगार मिळतो का. बहुतेकांना मिळत नाही.

इंग्रजी लागतंच. मराठी शाळेतल्या पोरांना ते जड जातं, पण येतं. उलट आपली पोरं मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलतात आणि कोकणी समजतात. गोव्यातल्या फ्रंट डेस्कवर याची किंमत आहे.

मुलींबद्दलचं वाक्य तर संतापजनक आहे. रात्रपाळी असते, गाडीची सोय विचारून घ्यावी, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे, तीही आहे का पाहावं. पण लाईनच नाही म्हणणारे तुम्ही कोण?

ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी लाजेपोटी दडपून ठेवू नका. यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावती, चॅट काही पुसू नका. पोलिसांत लेखी तक्रार द्या. जहाजाची नोकरी असेल तर डीजी शिपिंगकडे, आखाताची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरही करा. अर्ज लिहायला जमत नसेल तर मी लिहून देतो.