फोन बिघडला नव्हता, बोलत होता

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू मंगळवारी रात्री वाचला. बुधवारी शटर उघडायच्या आधी दुकानातल्या सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. उत्तराला सहा दिवस लागले. आधी पोरांकडून काय घडलं ते नीट विचारून घ्यायचं होतं, आणि तुम्ही लिहिलेलं स्वतः करून बघितल्याशिवाय मला तोंड उघडायचं नव्हतं. हे उत्तर तुम्ही टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर ऐकणार, म्हणून यात हात जोडलेले, फुलाबिलाचे इमोजी टाकलेले नाहीत. प्रत्येकाचं नाव ऐकत बसावं लागतं हे मला याच आठवड्यात कळलं.

बाकीच्यांसाठी, झालं ते असं. हे गिऱ्हाईक पूर्ण अंध आहेत, कॉलेजात शिकतात. दिवाळीत बहिणीला घेऊन आमच्याकडून फोन घेतला. आमचा पोरगा सगळा वेळ बहिणीशीच बोलला, "यांना कितीपर्यंतचा पाहिजे?" असं. यांनी वायरचा इअरफोन लागेल असा सेट मागितला होता. आम्ही ते भोक नसलेला सेट दिला, वर ब्लूटूथ फ्री दिला. मागच्या आठवड्यात चार्जिंगचा पॉइंट ढिला झाला म्हणून फोन टाकून गेले. परत आले तर फोन पूर्ण कोरा. "सारखा बोलत होता, आता बंद केलं बघा," असं वर आम्हीच सांगितलं. कॉलेजच्या लेक्चरची रेकॉर्डिंग गेली, सात महिने खेळत आणलेला गेम गेला. गेमचं बोलल्यावर काउंटरवरून उत्तर मिळालं, "दिसत नाही तर गेम कशाला खेळता?" यावर त्यांनी एक स्टार दिलाय आणि शेवटी लिहिलंय की या दुकानात आंधळ्या माणसाला गेम खेळता येईल असा फोन मिळत नाही.

यातलं शेवटचं वाक्य सोडून सगळं खरं आहे. मी माफी मागतो.

रिसेट कसा झाला ते सांगतो. पॉइंट बदलून पोरानं फोन चालू केला तसा तो बोलायला लागला. आयकॉनवर बोट ठेवलं की नुसतं नाव घ्यायचा, उघडायचा नाही. बोटानं यादी वर सरकवायला गेलं तर सरकेना. पोराला वाटलं टच गेला, पॉइंट बदलताना आपणच काहीतरी बिघडवलं. घाबरून त्यानं पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून सरळ रिसेट मारला. टॉकबॅक चालू असला की एकदा बोट लावल्यावर फोन फक्त सांगतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं आणि यादी सरकवायला दोन बोटं लागतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी. २००९ पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे आणि त्याच्या आधीपासून मी फोन विकतोय. तेव्हापासून विकलेल्या जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड सेटमध्ये ती होती, मी एकदाही चालू करून बघितली नव्हती. रिव्ह्यूखाली दोघातिघांनी लिहिलंय की त्या पोराला काढून टाका. काढणार नाही, चूक शिकवणाऱ्याची आहे. त्यानं उच्चारलेलं ते गेमचं वाक्य मात्र माफ करण्यासारखं नाही. त्याबद्दल तो तुमच्याशी स्वतः बोलणार आहे, तुम्ही ऐकून घेणार असाल तर.

मला जास्त लागलं ते दुसरंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत हरभट रोडवर आलं, आमचं दुकानही पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेले फोन पिशवीत घालून आणायचे. फोनचं काही सांगायचे नाहीत, आतले फोटो तेवढे काढून द्या म्हणायचे. एका आजींना गेलेल्या मुलाचा एक व्हॉइस मेसेज पाहिजे होता. ते दिवस बघितलेल्या दुकानात गिऱ्हाइकाला न विचारता रिसेट मारला जातो, ही माझी शरम आहे. तुमचे नंबर गूगल खात्यातून परत आले. रेकॉर्डिंग आणि गेम येणार नाहीत. आताच्या फोनमध्ये सगळं कुलूप लावून ठेवलेलं असतं आणि रिसेटबरोबर त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते. कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणालं तर देऊ नका.

आता इअरफोनचं. तुम्ही गोल पिनेचं भोक का मागत होता ते तेव्हा आम्ही विचारलंच नाही. रविवारी दुपारी पडद्यावर रुमाल टाकला आणि तुम्ही रिव्ह्यूत नाव दिलेला तो 'अ ब्लाइंड लेजंड' लावून बसलो. २०१५ साली फ्रान्समध्ये तयार झालेला गेम, चित्र नावालाही नाही, सगळा आवाजावर. अंध सरदार आणि त्याला हाक मारत वाट दाखवणारी त्याची मुलगी. ती डावीकडून बोलली की डावीकडे जायचं, तलवारीचा सूं आवाज उजव्या कानात आला की उजवीकडे वार करायचा. आधी ब्लूटूथ लावला. आवाज कानात पोचेपर्यंत वार बसलेला असायचा, तिसऱ्या माणसाच्या पुढं गेलोच नाही. मग दुकानातला जुना वायरचा इअरफोन लावला आणि तोच गेम वेगळा झाला. स्पीकरवरही करून बघितलं. एकच स्पीकर असलेल्या सेटवर डावं उजवं कळतच नाही. आम्ही तुम्हाला फुकट म्हणून दिलेली वस्तूच तुमच्या खेळाच्या आड येत होती. डोळ्यानं खेळणाऱ्याला आवाज थोडा मागं राहिला तर चालून जातं, कारण तो आधी बघतो. तुम्हाला तो आवाज म्हणजेच सगळं मैदान.

आणि "गेम कशाला" याबद्दल. तुम्ही लिहिलंय की शाळेपासून बुद्धिबळ खेळता, काळी घरं उंच केलेल्या, भोकं असलेल्या पटावर. सांगलीत बुद्धिबळपटूला कुणी "खेळून काय मिळतं?" असं विचारत नाही. भाग्यश्री साठे याच गावच्या, स्वाती घाटे याच गावच्या, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. मग मोहऱ्यांना बोट लावून पट डोक्यात धरणाऱ्या माणसाला फोनवर खेळावंसं वाटलं तर त्यात विचित्र काय आहे? माझा मुलगा रात्री बारापर्यंत खेळतो तेव्हा मी ओरडतो, पण त्यानं का खेळावं असा प्रश्न मला कधी पडला नाही. तुमच्याबाबतीत मात्र दुकानात सगळ्यांना पडला.

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, ते एवढ्यासाठी सांगतो की पुढच्या वेळी तुमचे पैसे चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत. तुम्ही लिहिलंय की मित्रांकडे असलेले रेसिंगचे, लुडोचे, गोळीबाराचे गेम या फोनवर बोलत नाहीत, म्हणजे फोन हलका दिला. मी डेमोसाठी ठेवलेल्या सगळ्यात महाग सेटवर करून बघितलं, तोही गप्पच राहिला. टॉकबॅक एरवी पडद्याचं चित्र बघत नाही. ॲप बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणाला जे नाव आणि काम लिहून ठेवलेलं असतं, त्याची यादी तो वाचतो. बँकेच्या ॲपमध्ये "बटण, बटण" एवढंच ऐकू येतं तिथं ते नाव लिहायचं राहिलेलं असतं. बहुतेक मोठे गेम तर सगळा खेळ एकाच कॅनव्हासवर रंगवतात. टॉकबॅकच्या लेखी तिथं एक मोठा चौकोन असतो, त्याच्या आत काहीच नसतं. शिवाय बोटाची प्रत्येक हालचाल आधी टॉकबॅक स्वतःकडे घेतो, म्हणून आवाजावरचे बरेच गेमसुद्धा तो थांबवूनच खेळावे लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यात पंधरा हजाराचा आणि पन्नास हजाराचा फोन सारखाच. पैसे जास्त घातले तर टॉकबॅक अडखळायचा थांबेल, लुडो बोलायला लागणार नाही. ते काम गेम बनवणाऱ्यांचं आहे. युनिटी नावाच्या ज्या साच्यातून निम्मे मोबाईल गेम निघतात असं म्हटलं तरी चालेल, त्यात आता टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरला माहिती द्यायची सोय आली आहे. ती वापरायची की नाही हे बनवणारा ठरवतो. गेमच्या पानावर जाऊन तुम्ही तक्रार लिहा, मीही लिहितो. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर अंध खेळाडूंसाठी वेगळा मोड आहे, चाल टाइप करून खेळता येते. ठरवलं तर करता येतं, हे दाखवायला एवढं पुरे.

हप्त्याचंही राहिलंच. फायनान्सच्या ॲपनं "डोळे मिटा, उघडा" म्हटलं, तुमच्याकडून ते होईना, आणि आम्ही पाच मिनिटांत कर्ज बहिणीच्या नावावर करून मोकळे झालो. पैसे तुम्ही भरणार, शिकवण्यांचे स्वतः कमावलेले, आणि कागदावर तुम्ही कुठंच नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि डोळे मिचकावण्याची अट अंध माणसाला लावता येणार नाही, दुसरा मार्ग द्यावा लागेल. तो निकाल मी छापून फायनान्सच्या माणसाच्या टेबलावर ठेवला आहे. ज्या कंपनीकडे दुसरा मार्ग नसेल तिचा हप्ता अंध गिऱ्हाइकाला आम्ही सुचवणार नाही.

पॉइंटच्या दुरुस्तीचे पैसे परत येतील. फोन बदलून देतो, वरचा फरक दुकानाचा. माझं मत विचाराल तर वायरच्या इअरफोनचं भोक, दोन स्पीकर, आठ जीबी रॅम, आणि बोटाचा ठसा कडेच्या बटणावर असलेला घ्या. पडद्याखालचा ठसा चाचपून सापडत नाही आणि वर जाड ग्लास लावली की आणखी चिडचिड. ब्लूटूथ ठेवायचा असेल तर ठेवा, बसमध्ये उपयोगी पडेल.

डेमोच्या चार सेटवर टॉकबॅक चालू करून ठेवलाय. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं दाबून धरली की चालू-बंद होतो, हे आता दुकानातल्या प्रत्येकाला येतं. नवीन फोन पहिल्यांदा उघडला की काही सेटवर पडद्यावर दोन बोटं, काहींवर व्हॉल्यूमची दोन्ही बटणं धरून ठेवायची, मग तो बोलायला लागतो, म्हणजे सेटिंगही तुमचं तुम्हाला करता येईल, बहिणीला सुट्टी काढून यायला नको. दुरुस्तीच्या पावतीवर एक ओळ वाढवली आहे: रिसेट मारायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करणे.

बदलीचं बिल तुमच्या नावावर करून गल्ल्यात ठेवलंय. मॉडेलची जागा रिकामी सोडली आहे. इअरफोन लावून, गेम लावून, हातात धरून बघा आणि सांगा, मग मी तिथं लिहितो.