पेनिन्सुला चकचकीत हवा, आउटलेट कशाला हवं?

अमेरिकेत घर घेतलंत, जुनं किचन पाडून नवं करताय आणि त्यात पेनिन्सुला, म्हणजे एका टोकाला जोडलेला आणि तीन बाजूंनी मोकळा ओटा येणार आहे? मग आधी एक गोष्ट पक्की ठरवा. त्या पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झच्या दगडावर कुठेही आउटलेट, म्हणजे प्लगचं सॉकेट, दिसता कामा नये. चटणी काय, हॉलमधल्या प्लगवरही वाटता येते.

इलेक्ट्रिशियन ‘एनईसी’ म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं नाव काढेल. घाबरू नका. हा कोड दर तीन वर्षांनी बदलतो आणि कुठलं राज्य कुठल्या सालची आवृत्ती चालवतं, याचा काही मेळ नसतो. गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन केला की उत्तर मिळतं, पण इतकं सोपं कोण करतं! घर न्यू जर्सीत असेल तर टेक्सासमधल्या मेहुण्याला विचारा. तो ठासून सांगेल, “एक आउटलेट पुरे.” २०१७च्या आवृत्तीत खरंच एकावर भागायचं. म्हणजे मेहुण्याचं उत्तर बरोबर, फक्त साल चुकलं.

२०२०च्या आवृत्तीने क्षेत्रफळ मोजायला सुरुवात केली. पहिल्या ९ चौरस फुटांना एक, पुढच्या दर १८ चौरस फुटांना किंवा त्यातल्या तुकड्यालाही आणखी एक. तुमचा ६ बाय ३चा पेनिन्सुला म्हणजे १८ चौरस फूट. पहिल्या ९ला एक, उरलेल्या ९ला दुसरं. शिवाय त्यातलं एक तरी आउटलेट मोकळ्या टोकापासून २ फुटांच्या आत हवं. हा हिशेब दगड कापून आल्यावरच करायला घ्या.

त्यापुढे २०२३ची आवृत्ती तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. पेनिन्सुलावर आउटलेट सक्तीचं नाही! वाक्य इथेच वाचायचं थांबवा. पुढे लिहिलंय की आउटलेट लावलं नाही, तर ते नंतर लावता येईल अशी सोय करून ठेवावी लागते. आता जमिनीखालून केबल आणून कॅबिनेटमध्ये बॉक्स बसवून वर कोरं झाकण लावायचं, तर फरशी बसायच्या आधी ठरवायला हवं. आणि फरशीवाला तर उद्याच येतोय.

लावायचंच झालं तर बाजूला, खालच्या कॅबिनेटवर लावा. पूर्वी चालायचं की! काउंटरच्या खाली १२ इंचांपर्यंत, आणि वरचा दगड ६ इंचांपेक्षा जास्त पुढे आलेला नसला की झालं. २०२३ने ते बंद केलं, कारण काठावरून लोंबणारी वायर पोरं ओढतात आणि उकळतं भांडं अंगावर घेतात. पण तुमचं मूल शहाणं आहे. शिवाय स्टुलांसाठी १२ इंच ओव्हरहँग ठेवलाय, त्यामुळे हे आउटलेट जुन्या नियमातही बसत नाही.

राहता राहिला पॉप-अप. दाबलं की वर येतो, पाहुण्यांना दाखवायला झकास. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळेल तो घ्या. काउंटरटॉपसाठी लिस्टेड, म्हणजे तपासून प्रमाणित केलेला आहे की नुसता ऑफिसच्या टेबलासाठी, हे बघत बसू नका. सांडलेल्या पाण्याची कडक परीक्षा काउंटरवाल्यालाच द्यावी लागते, आणि तुमच्याकडे ताक कधी सांडतच नाही. त्याचं धूड दगडाखाली बरंच खोल जातं, तेव्हा भोक बरोबर चमच्यांच्या ड्रॉवरवर पाडून घ्या. तो ड्रॉवर तसाही कोण उघडतं?

सर्किटचं काय? काउंटरसाठी २० अँपिअरची किमान दोन सर्किटं लागतात, १२ गेज तांब्याच्या तारेची. त्यांच्यावर पेनिन्सुलावरचे टांगते दिवे जोडायला बंदी आहे. तुम्ही जोडा, केबल वाचेल. १२० व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २४०० वॉट. १५०० वॉटचा एअर फ्रायर आणि तेवढीच केटल एकदम लावली की २५ अँपिअर होतात. ब्रेकर लगेच पडत नाही, चहा निम्मा होतो तेव्हा पडतो, आणि दिवेही जातात. मग कुणीतरी ३०चा ब्रेकर सुचवेलच. तो लावला की ब्रेकर अगदी शांत राहतो, भिंतीतली तार तेवढी तापते.

जीएफसीआय, म्हणजे शॉकपासून वाचवणारं आउटलेट किंवा ब्रेकर, तेही नकोच. ४ ते ६ मिलिअँपिअर गळती झाली की ते वीज तोडतं. ओल्या हाताने मिक्सर धरणाऱ्याला केवढा व्यत्यय!

एवढं सगळं केलंत की शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टर विचारेल, “सोय कुठे केलीय?” बसवलेल्या क्वार्ट्झला घरी येऊन भोक पाडून देणारा फॅब्रिकेटर (दगड कापणारा कारागीर) मिळतो, मात्र दगडाला तडा गेल्यास जबाबदारी तुमची, असं तो आधी लिहून घेतो. त्याचा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.