टोपी काढलालाव का घाललालाव?

परवा संध्याकाळी सोलापुरात, भर पार्क चौकात माझ्या गाडीचा टप अर्ध्यावर अडकला. अर्ध्यावर म्हणजे नेमका आभाळाकडे तोंड करून उभा. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा वर जाऊन बंद पडावा तसा.

गाडी 2008 सालची, परदेशी, कापडी टपाची. बटण दाबलं की टप घडी होऊन डिकीत जाऊन बसतो. पुण्याच्या मेहुण्याने "दाजी, खास तुमच्यासाठी ठेवली" असं म्हणत गळ्यात मारली. ज्या गावात मे महिन्यात पारा 43 ओलांडतो, तिथे टप उघडणार कधी, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. परवा जरा ढग आले, वारा सुटला, चौकात गर्दी होती. खरं सांगतो, वट मारायलाच बटण दाबलं.

काचा खाली गेल्या, डिकीचं झाकण मागच्या मागे उचललं गेलं, टप उठला आणि थांबला. पुन्हा दाबलं. काही नाही. दोन मिनिटांत गर्दी जमली. एकाने फोटो काढला, एकाने "ॲव्हरेज किती देती?" विचारलं. कुठलीही गाडी कुठल्याही अवस्थेत असो, आपल्याकडे हा प्रश्न येतोच. उद्या शववाहिका बंद पडली तरी कुणीतरी विचारेल.

आणि मग ते काका आले. पांढरी टोपी, हातात कडक भाकरीची पिशवी.

"मालक, टोपी काढलालाव का घाललालाव?"

"काढायची होती काका. अडकली."

"मग घाला की परत."

"तेही होईना."

"म्हंजे काढता बी येईना आन् घालता बी येईना," काकांनी गर्दीकडे वळून निकाल वाचून दाखवला. गर्दी हसली. माझी टोपी तर मेहुण्याने वर्षभरापूर्वीच घातली होती, पण ते चौकात सांगण्यासारखं नव्हतं.

मी पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कारण बॅटरी उतरलेली असली तर टप हलत नाही. मग पंपाचा आवाज येतो का ते विचारलं. येत नव्हता. "मग ऑइलचा प्रॉब्लेम नाही. ऑइल कमी असतं तर पंप नुसता घरघरला असता. कुठला तरी सेन्सर अडवतोय. कॉम्प्युटर लावावा लागेल, इकडे घेऊन या." इकडे म्हणजे अडीचशे किलोमीटर, उभ्या टपाने. मी फोन ठेवला आणि टायरला लाथ मारली.

"हां," काका म्हणाले, "नवा पोरगा असाच लाथ मारायचा."

"कुठला पोरगा?"

"मिलमधला. मी साचेखात्यात, म्हंजे मागांवर, जॉबर होतो." आणि त्यांनी पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली. माझ्या बॉनेटवर! "ताण्याच्या एकेका उभ्या धाग्यावर पातळ पत्ती लोंबकळत असती. धागा तुटला की पत्ती पडती, आन् साचा आपोआप उभा राहतो. नव्या पोराला वाटायचं साचा बिघडला. साचा चांगलाच असतोय ओ. तो म्हणतोय, धागा तुटलाय, आधी तो हुडका."

"काका, ही मिल नाही."

"न्हाईच. मिल असती तर आतापतोर बंद पाडली असती की तुम्ही लोकांनी."

'तुम्ही लोकांनी' यात मी कुठून आलो, मला अजून कळलेलं नाही. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. पण साठ-सत्तर माणसं माना डोलवत होती, आणि मोडक्या परदेशी गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाची बाजू तशीही कोण घेतं?

तेवढ्यात टपोरे थेंब पडायला लागले. कुणीतरी समोरच्या दुकानातून चादर आणली. सोलापुरी चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही वळवाच्या पावसात मोटार झाकण्यासाठी नव्हे. दोन मिनिटांत चादर भिजून म्हशीएवढी जड झाली आणि तिच्या टोकातून धार थेट माझ्या सीटवर लागली.

काका मात्र डिकीत डोकं घालून धागा हुडकत होते.

"हे काय?"

"पाण्याचा जार." वीस लिटरचा. नळाला पाणी येऊन पाचवा दिवस होता, म्हणून येताना विकत घेतला होता.

"आन् हे?"

डिकीत एक आडवा पडदा असतो. टपाची घडी सामानावर आपटू नये म्हणून वरची जागा मोकळी ठेवायची, हे त्याचं काम. तो दोन्ही बाजूंनी खाचेत बसलेला असेल तरच टप हलतो. जार कलंडून त्याला टेकला होता आणि एक बाजू दोन बोटं निसटली होती.

काकांनी जार उचलून बाहेर ठेवला, पडदा दाबला. टक्. "दाबा बटण."

पंप गुरगुरला. टप ऐटीत मागे गेला आणि घडी होऊन डिकीत बसला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. आता माझ्या डोक्यावर टप नाही, चादर नाही, नुसता पाऊस. घाईत मी उघडायचंच बटण दाबलं होतं.

"मालक," काका पिशवी उचलत म्हणाले, "पाऊस पडलालाय. घालायची होती."

टप परत वर येईपर्यंत माझी आंघोळ झाली. काकांना सोडायला विचारलं, तर "नको, वल्ल्या सीटवर कोण बसतंय" म्हणून चालू लागले. मी आभारही नीट मानले नाहीत, आणि मानावेसे वाटलेही नाहीत.

घरी पोचलो तर बायकोने दारातच विचारलं, "पाणी?"

जार पार्क चौकात, फुटपाथवर राहिला होता.