नावडतीचा अल्बम अळणी

खानदेशात राहून हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाला मुळातच एक मान असतो, कारण तो काय ऐकतो हे समजून घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मे महिन्याच्या रात्री भुसावळातल्या एखाद्या गच्चीवर तुम्ही ब्लॅक सॅबथ हा इंग्लिश बँड लावला, तर खालच्या मजल्यावरून फार तर एवढीच विचारणा होते, "हाई गानं शे का मोटर बिघडी गयी?" या प्रश्नाने खचून जाऊ नये, उलट आपण योग्य तेच ऐकत आहोत याची ती पावती समजावी. मात्र हा मान अलीकडे फार स्वस्त झाला आहे. जळगावच्या फुले मार्केटात या बँडच्या नावाचे काळे टी-शर्ट टांगलेले दिसतात, आणि ते अंगात घालणाऱ्या मुलासमोर त्या बँडच्या ‘आयर्न मॅन’ गाण्याचे नाव घेतले की तो सिनेमाची गोष्ट सांगू लागतो. अशा परिस्थितीत त्यांचा ‘पॅरानॉइड’ हा अल्बम आवडून भागत नाही, कारण तो सर्वांनाच आवडतो. आपले वेगळेपण टिकवायचे असेल तर चाहत्यांनीच वाळीत टाकलेला एखादा अल्बम शोधावा लागतो. माझी शिफारस याच बँडच्या सातव्या अल्बमची, ‘टेक्निकल एक्स्टसी’ची आहे. 1976 मध्ये आलेला, 8 गाण्यांचा आणि सुमारे 40 मिनिटांचा हा अल्बम रसग्रहणाच्या दृष्टीने अतिशय सोयीचा आहे, कारण त्याबद्दल बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो शेवटपर्यंत ऐकलेला असतो.

रसग्रहणाची पहिली पायरी तिरस्काराची आहे, आणि ती गाळून वर जाता येत नाही. तिरस्कार शास्त्रशुद्ध हवा असेल तर थोडा इतिहास पाठ असावा लागतो, पण तो अर्धाच पाठ करावा. 1970 ते 1975 या काळात बर्मिंगहॅमच्या या चौघांनी 6 अल्बम काढले. त्यांपैकी पहिला तर त्यांनी ऑक्टोबर 1969 मध्ये एका दिवसात वाजवून टाकला होता. हे 6 अल्बम म्हणजे अस्सल लोखंड आणि सातवा म्हणजे पत्रा, असे एकदा ठरवून टाकावे. मग 1972 च्या अल्बमात पियानोवरचे एक रडवे गाणे आहे, याचा उल्लेख टाळावा. 1973 च्या अल्बमात बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याने स्वतः हार्प्सिकॉर्ड वाजवले आहे आणि रिक वेकमनला एका गाण्यात की-बोर्ड वाजवायला बोलावून त्याचा मोबदला बिअरमध्ये चुकता केला असे सांगतात, हेही मनातून काढून टाकावे. 1975 च्या अल्बमात तर एक अख्खे गाणे शब्दांवाचून केवळ चर्चमधल्यासारख्या समूहस्वरावर उभे आहे. ते लागले की उठून पाणी पिऊन यावे. एवढे सगळे विसरता आले, तरच 1976 साली बँडने अचानक आपला विश्वासघात केला असे मनापासून म्हणता येते. ज्याची स्मरणशक्ती तल्लख आहे त्याने या वाटेला जाऊ नये, त्याला ते जमत नाही.

आयोमीच्या बोटांची गोष्ट मात्र प्रत्येकाने सांगितलीच पाहिजे. वयाच्या 17 व्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच होती. त्याने भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे लावले, आणि जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या. (आपल्याकडे हळदीच्या रात्री वाजतो तो बँजो निराळा.) पुढे 1971 मध्ये त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल झाल्या, बोटांना आराम पडला, आणि ज्याला आपण आज हेवी मेटलचा जड आवाज म्हणतो तो घट्ट झाला. ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगावी, परंतु तिचा अर्थ काढू नये. अर्थ काढायला गेलात तर हे सगळे संगीतच मुळात एका अडलेल्या माणसाने केलेला प्रयोग होता असे लक्षात येईल, आणि मग सातव्या अल्बमात त्याने आणखी चार प्रयोग केले म्हणून त्याला शिव्या कशा घालायच्या, ही पंचाईत उभी राहील.

त्यापेक्षा मानांकनाचा मार्ग धरावा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, केळीलाही आहे, आणि या दोन्हींचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच न्यायाने हेवी मेटलचे क्षेत्र बर्मिंगहॅम आणि हंगाम 1970 ते 1975 असा आखून घ्यावा. त्या बाहेरचा माल भेसळीचा. ‘टेक्निकल एक्स्टसी’ अमेरिकेत, मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, एवढे एकच कारण त्याला नापास करायला पुरेसे आहे. मायामीचे ऊन, समुद्र आणि नारळाची झाडे यांनी ही माणसे मऊ पडली, असे विधान करावे. हे विधान करताना आपण स्वतः 45 अंशांत, वीज गेलेल्या खोलीत, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो आहोत आणि तरीही मऊ पडलेलो नाही, याकडे कोणाचे लक्ष जाऊ देऊ नये. शेजारच्याच स्टुडिओत ईगल्स हा बँड ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ध्वनिमुद्रित करत होता आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या सॅबथच्या गोंगाटामुळे त्यांना काम थांबवावे लागे, ही हकिगत मऊपणाच्या सिद्धांताला जरा जड जाते. म्हणून ती तूर्त राखून ठेवावी. दुसऱ्या पायरीवर ती कामाला येते.

अल्बमच्या आवरणाबद्दल बोलायला भरपूर वेळ ठेवावा. ते हिप्नोसिस या आवरणे रचणाऱ्या मंडळींनी केले. पिंक फ्लॉइडचे लोलकाचे आवरणही त्यांचेच. सरकत्या जिन्यांवरून जाणारे दोन यंत्रमानव एकमेकांना ओलांडत आहेत, असे हे चित्र आहे. त्यावर यंत्रयुग, एकाकीपण, देहभान असे पाऊण तास सहज बोलता येते, आणि तेवढ्यात सभा संपली तर अल्बम लावायची वेळच येत नाही.

वेळ आलीच तर सावध राहावे. दुसऱ्या गाण्याचे नाव ‘यू वोंट चेंज मी’, म्हणजे तुम्ही मला बदलू शकणार नाही, असे आहे. बँड बदलला म्हणून आपण ज्या अल्बमवर रागावलो आहोत त्याच्याच पोटात हे गाणे निघावे, ही त्या लोकांची खोडी आहे की भाबडेपणा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. गाणे सुरू होते तेव्हा गिटार नेहमीसारखीच जड पावलांनी येते, तिच्या मागे जेराल्ड वुड्रॉफचा की-बोर्ड धुक्यासारखा पसरतो, आणि गायक ऑझी ऑझबर्नचा आवाज त्यातून एखाद्या हट्टी पोराच्या तक्रारीसारखा वर येतो. ऐकणाऱ्याचा तिरस्कार इथेच डळमळू लागतो. अशा वेळी ताबडतोब पुढचे गाणे लावावे, आणि पुढचे गाणे म्हणजे त्याहून मोठे संकट आहे.

त्या गाण्याचे नाव ‘इट्स ऑलराइट’. ते ऑझीने गायलेले नाही. ड्रम वाजवणाऱ्या बिल वॉर्डने गायले आहे. पियानोच्या साथीने, बीटल्सच्या वळणाने, जवळजवळ अंगाई म्हणावी इतक्या हळुवारपणे हा दणकट माणूस गातो, आणि गाणे चार मिनिटांत संपते. हेवी मेटलच्या अल्बमात अंगाई! इथे खऱ्या चाहत्याने कपाळाला हात लावणे अपेक्षित आहे, आणि मीही तो अनेक वर्षे लावत होतो.

माझी अडचण आबांनी केली. आमच्या गल्लीतले हे आबा म्हणजे लग्नाच्या बँडचे मास्तर. आयुष्य क्लॅरोनेट फुंकण्यात गेलेले. खानदेशात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे बर्मिंगहॅम येत नाही, लाल डगला आणि झालरीची टोपी येते, हे तुम्हाला सांगायला नको. लगनसराई आटोपली होती, वीज गेली होती, आणि आबा वारा खायला गच्चीवर आले होते. मोबाइलवर नेमके हेच गाणे चालू होते. ते घोटीव शांततेत शेवटपर्यंत ऐकून आबांनी विचारले, "हाई कोन गाई ऱ्हायना, भाऊ?" मी ओशाळून सांगितले की नेहमीचा गायक नाही, ढोल वाजवणारा आहे. आबा म्हणाले, "ढोलवाला? मंग बेस शे. परत लाव."

मी त्यांना समजावून सांगितले की हा अल्बम फसलेला मानतात, कारण बँडने आपली रीत सोडली. आबांना ही तक्रारच कळेना. त्यांच्या धंद्यात जो दर वर्षी नवी गाणी बसवत नाही त्याला पुढच्या वर्षी सुपारी मिळत नाही. एकाच वरातीत पाळण्याची चाल, अहिराणी गाणे, नागीण आणि देवाची आरती हे सगळे त्यांना वाजवावे लागते, ट्रम्पेटवाला आजारी पडला तर कॅसिओवाल्याने त्याची जागा भरावी लागते, आणि नवरदेवाच्या मामाला काय आवडेल याचा अंदाज घोडा वळायच्या आत घ्यावा लागतो. तेच गाणे, त्याच चालीत, 1970 सालासारखेच वाजवा असे सांगणारा यजमान त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. वाचकहो, सांगायचे तात्पर्य एवढेच की अल्बम ऐकताना वाजवणाऱ्या माणसाला जवळ बसवू नये. चाहते जे रचतात ते तो एका वाक्यात मोडतो.

आता दुसरी पायरी. सर्वांनी तिरस्कार आत्मसात केला आहे अशी खात्री पटली की एका रात्रीत मत फिरवावे आणि हाच अल्बम बँडची सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे असे जाहीर करावे. पहिल्या पायरीवरचे सगळे पुरावे उलटे धरले की काम भागते. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तो 13 व्या आणि अमेरिकेत 51 व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. कालपर्यंत हे अपयश होते, आजपासून हा लोकांच्या अडाणीपणाचा आकडा. ईगल्सची हकिगत आता बाहेर काढावी. गन्स एन’ रोझेसच्या ॲक्सल रोझने तीच अंगाई पियानोवर बसून गायली आहे, हेही सांगावे, म्हणजे आबांचे नाव न घेता आबांचे मत आपल्या नावावर करता येते. ‘शीज गॉन’मधल्या व्हायोलिनच्या ताफ्याला काल आपण पाकात बुडालेली जिलेबी म्हणालो होतो, आज त्याला करुणरस म्हणावे. ‘डर्टी विमेन’ हे शेवटचे गाणे तर बँडनेच 2016–17 च्या निरोपाच्या दौऱ्यात पुन्हा वाजवले, त्यामुळे त्याची स्तुती करायला धैर्य लागत नाही; शेवटची लांबलचक गिटार ऐकल्यावर ती करावीशीही वाटते.

एकच पथ्य कडक पाळावे. ‘हे गाणे चांगले आहे, ते साधारण आहे’ असे वेगवेगळे बोलू नये. ‘रॉक ’एन’ रोल डॉक्टर’ हे गाणे, खाजगीत सांगतो, अगदीच पाणचट आहे. पहिल्या उकळीलाच उतरवलेल्या शेवभाजीच्या रश्शासारखे. ‘जिप्सी’ही अर्ध्या वाटेत दमते. परंतु हे कबूल केलेत तर तुम्ही अल्बम ऐकलेला आहे असा संशय येऊ लागतो, आणि ज्याने ऐकला आहे त्याला पहिल्या पायरीवर जागा नाही आणि दुसऱ्याही नाही. पुढे 1977 मध्ये ऑझी बँड सोडून गेला, परत आला, आणि 1979 मध्ये त्याला काढण्यात आले, या सगळ्याचे खापर तिरस्काराच्या दिवसांत याच अल्बमवर फोडावे आणि स्तुतीच्या दिवसांत तो त्या फुटीआधीचा शेवटचा प्रामाणिक हुंदका होता असे म्हणावे. खापर तेच असते. खानदेशात त्यावर मांडेही भाजतात.

5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र आले. ड्रमवर बिल वॉर्ड होता. त्यांनी चार गाणी वाजवली, आणि चारही 1970 सालच्या दोन अल्बमांतली होती. 17 दिवसांनी ऑझी गेला. ही बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर दोन्ही पायऱ्यांवरचे रसिक जमले होते. एका पक्षाचे म्हणणे असे की बघा, शेवटी त्यांनाही खरे सॅबथ कोणते ते ठाऊक होते, आणि दुसऱ्याचे असे की बघा, शेवटपर्यंत जगाने त्यांना पुढे जाऊ दिले नाही. दोन्ही बाजू मी मन लावून ऐकल्या. त्या रात्री कोणीही काही लावले मात्र नाही.

आबांचे काय झाले ते सांगायचे राहिले. या लगनसराईत तुम्ही आमच्या गल्लीतून जात असाल, वरात चौकात थांबलेली असेल, घोडा दमलेला असेल, आणि नागिणीनंतर पोरांना श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून क्लॅरोनेटवर एक हळुवार, अनोळखी चाल सुरू होईल, जी नवरदेवाच्या मामाला ठाऊक नाही पण ज्यावर त्याची मान डोलत आहे. ती चाल तुम्ही ओळखली आहे असे चेहऱ्यावर दिसू देऊ नये. पाय ताल धरणार नाहीत एवढी काळजी घेत, रुमालाने घाम पुसत, गल्लीच्या दुसऱ्या टोकाने निघून जावे.