वाघिणीला गाड्यांनी घेरा म्हणणारा तो मेसेज

'नागपूरकरांनो, वाघ हमखास दिसण्याचे पाच उपाय' असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या मामेबहिणीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, 'दादा, रविवारी पोरांना घेऊन कऱ्हांडल्याला चाललो आहोत. असंच करायचं ना?' नाही, असं अजिबात करायचं नाही.

सगळ्यात घातक उपाय आधी घेतो. मेसेज म्हणतो, 'चालकाला वर पाचशे द्या. बछड्यांची वाघीण दिसली की दोन्ही बाजूंनी गाड्या लावायला सांगा. ती पिल्लं सोडून जात नाही, आरामात फोटो मिळतात.'

हे नेमकं कुठे घडलं माहीत आहे? याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, 31 डिसेंबर 2024 रोजी. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते, पुढेमागे जिप्सी उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटच उरली नाही. व्हिडिओ सगळीकडे पसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2025 मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंडही झाला. पाचशे रुपये देणारा पर्यटक घरी जातो, रोजी जाते ती गेटजवळच्या गावातल्या पोराची.

'पिल्लं सोडून जात नाही' हेही खोटं आहे. बछडे लहान असताना वाघीण त्यांना झुडपात दडवून तासन् तास शिकारीला जाते, नाहीतर ती आणि पिल्लं खाणार काय? जवळपास दोन वर्षं बछडे तिच्याच जिवावर असतात. गाड्यांच्या गर्दीत ती रस्ता ओलांडून गेली आणि एखादं पिल्लू अलीकडे राहिलं, तर ते एकटं पडतं. दुसऱ्या नराच्या तावडीत सापडलं तर तो त्याला मारून टाकतो. आपल्याला फोटो हवा म्हणून हा धोका त्यांच्यावर का लादायचा? वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणं हा गुन्हाच आहे. वाघिणीची वाट अडवणं हा त्रास नाही तर काय आहे?

दुसरा उपाय पक्ष्यांचा: 'मोबाइलवर नवरंगाचा आवाज लावा, पक्षी धावत समोर येतो.' येतो, हे खरं. पण का येतो? पावसाच्या तोंडावर नवरंग आपल्याकडे विणीला येतात. आवाज ऐकून नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो घरट्याचं काम सोडून नसलेल्या शत्रूला हुसकावत फिरतो. एका गाडीने दोन मिनिटं लावला, मागच्या गाडीने पुन्हा लावला, की त्याची सकाळ त्यातच गेली. शांत बसलात तर तो स्वतःच शीळ घालतो. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, मोबाइल न्यायलाच बंदी आहे आणि मला ती योग्य वाटते.

तिसरा, 'अत्तर लावून जा, वासाने वाघ जवळ येतो.' 2018 मध्ये पांढरकवड्याच्या टी-1 वाघिणीच्या मोहिमेत वन विभागाने एक परदेशी सेंट वापरलं होतं, एवढं मान्य. पण तो माणसं मारल्याचा ठपका असलेल्या वाघिणीला शोधण्याचा प्रयत्न होता. पोरांना अत्तर फासून उघड्या जिप्सीत बसवण्याशी त्याचा काय संबंध?

'उन्हाळ्यातच जा' यात थोडं तथ्य आहे. मे महिन्यात पाणी आटतं, झाडोरा विरळ होतो आणि वाघ पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता वाढते. पण हमखास हा शब्द जंगलात चालत नाही. जय हा कऱ्हांडल्याचा सगळ्यात गाजलेला वाघ, नागझिऱ्याहून इथे आलेला. त्याला रेडिओ कॉलरही लावली होती, तरी 2016 मध्ये तो दिसेनासा झाला आणि शोधूनही सापडला नाही. आणि हिवाळ्यात गेलात म्हणून सफारी वाया जात नाही. पाणथळीवर बदकं येतात, झाडावर हरियालांचा थवा बसलेला दिसतो. वाघाच्या नादात पोरांना हे कुणी दाखवतच नाही.

पाचवा, 'वाघ दिसला नाही तर पैसे परत मागा.' परवाना जंगलात जाण्याचा असतो. गेटवर वाद घालू नका.

बहिणीला सांगितलं, गाडीत बसतानाच चालकाला स्पष्ट सांग, 'वाघ दिसला तर अंतर ठेवा, पुढे गाड्या जमल्या असतील तर आपण मागेच थांबू.' चितळ किंवा वानर ओरडलं, तर तो वाघ जवळ असल्याचा इशारा असू शकतो; गाडी बंद करायला लाव आणि ऐका. कुणी वाट अडवताना दिसलं तर गाडीचा नंबर लिहून गेटवर तक्रार दे. आणि ते पाचशे द्यायचेच असतील, तर फेरी संपल्यावर गाइड आणि चालकाला दे, वाघ दिसो की न दिसो.