पेन ड्राइव्ह ३५ वेळा पुसायची गरज नाही

“पेन ड्राइव्ह कोणाला देण्याआधी ३५ वेळा पुसा, नाहीतर डिलीट केलेले फोटो परत काढतात” असा मेसेज फिरतोय. त्यातली भीती खरी आहे, उपाय मात्र भलत्याच यंत्राचा.

३५ हा आकडा संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला. त्या काळच्या चुंबकीय हार्ड डिस्कवर माहिती लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, त्या सगळ्यांसाठीच्या पुसण्याच्या, म्हणजे जुन्यावर नवं लिहिण्याच्या, फेऱ्यांची ही मिळून यादी. नव्या डिस्कला एवढ्या फेऱ्या निरर्थक, हे खुद्द गुटमन यांनीच नंतर सांगितलं. पेन ड्राइव्हमध्ये तर फ्लॅश चिप असते आणि ती ठरावीक वेळाच लिहून घेते. म्हणजे फुकटची झीज.

मग भीती खरी कशी? फॅट (FAT) या पेन ड्राइव्हवर फाइलींची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत फाइल डिलीट केली की नोंदीचं पहिलं अक्षर बदलतं आणि तिची जागा मोकळी धरली जाते. मजकूर जागच्या जागी. क्विक फॉरमॅटही नोंदवहीच कोरी करतं. विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून फॉरमॅट केलं, तर सगळीकडे शून्यं लिहिली जातात. वेळ लागतो, लागू द्या. घरगुती वापराला एवढं पुरे.

एक मेख आहे. झीज सारखी वाटली जावी म्हणून कंट्रोलर, म्हणजे कुठे लिहायचं ते ठरवणारी आतली चिप, राखीव ब्लॉकही (साठवणीचे जादा कप्पे) वापरतो. तिथला जुना तुकडा सुटू शकतो, आणि फेऱ्या वाढवूनही त्याची खात्री देता येत नाही. माहिती खरोखर गोपनीय असेल तर सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणारी सांकेतिक साठवण), नाहीतर सरळ हातोडा. तोही प्लास्टिकवर नव्हे, आतल्या काळ्या चिपवर.